परक्याची ओसरी कोणाला मिळते?

दर काही महिन्यांनी एक वाद आपल्याकडे नव्याने पेटतो. बावीस-तेवीस वर्षांचं कुणीतरी पाठीवर सॅक टाकून लडाखला, व्हिएतनामला, जॉर्जियाला जाऊन येतं आणि सांगतं: भाषा येत नव्हती, पैसे बेताचे होते, तरी ओळख ना पाळख अशा माणसांनी घरात घेतलं, जेवू घातलं, पुढच्या गावापर्यंत सोडलं, जग फार चांगलं आहे, घाबरू नका, बाहेर पडा. यावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरगं नशिबाने वाचलं, त्याचं ऐकून आमच्या मुलीला काही झालं तर जबाबदार कोण? दुसरा म्हणतो, ही शुद्ध फुकटेगिरी आहे, गरिबाच्या ताटात जेवायचं आणि त्याची गोष्ट करून मिरवायचं. मधेच कुणीतरी ‘अतिथी देवो भव’ची आठवण करून देतं आणि पाहुणचार ही तर आपलीच संस्कृती असल्याचा निर्वाळा देतं. मग सगळे आपापल्या मतावर ठाम राहून उठतात.

माझं म्हणणं आधीच सांगते. तरुणांनी जावं, एकट्याने जावं, अनोळखी माणसाच्या घरचं जेवावं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या जेवणावरून ‘जग चांगलं आहे’ असा निष्कर्ष काढू नये, कारण ते जेवण जगाने वाढलेलं नसतं. ते एका ठरावीक घराने, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे, स्वतःच्या डब्यातून काढून दिलेलं असतं; आणि देताना समोर कोण उभं आहे हे बहुतेक वेळा बघितलेलं असतं. परतलेल्या मुलाला खरं तर विचारायला हवं, की ते दार कोणी उघडं ठेवलं होतं, त्याचा खर्च कोण सोसत होतं, आणि तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर ते उघडलं असतं का? हे विचारलं की वादाचा रोख परदेशातून उठून आपल्या गावावर, आपल्या सोसायटीवर येतो. वाद नेमका तिथेच व्हायला हवा, आणि तिथे तो होत नाही.

आधी भीतीचा मुद्दा, कारण तो खोटा नाही. मार्च २००८ मध्ये पिप्पा बाका ही इटालियन कलाकार एका मैत्रिणीसह मिलानहून निघाली. दोघींच्या अंगावर नवरीचा पांढरा पोशाख, आणि वाटेत भेटेल त्याच्या गाडीतून जेरुसलेमपर्यंत जायचं असा बेत. युद्धांनी पोळलेल्या मुलखातून परक्यांवर विश्वास टाकत जाणं, हाच त्या प्रवासाचा संदेश होता. तुर्कस्तानात गेब्झेजवळ एका गाडीवाल्याने तिच्यावर बलात्कार करून तिला ठार मारलं. मार्च २०२४ मध्ये झारखंडच्या दुमका जिल्ह्यात, मोटारसायकलवरून जग फिरणाऱ्या एका परदेशी जोडप्यातल्या बाईवर, तंबूत मुक्कामाला असताना सामूहिक बलात्कार झाला. या घटनांना ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारणारा माणूस माझ्या दृष्टीने प्रामाणिक नाही. ज्या आईला रात्री झोप लागत नाही, तिला आकडेवारी सांगून गप्प करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आणि आकडेवारी वापरायची तर पूर्ण वापरावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. प्रवासाची बाजू घेणारे हा आकडा फेकतात आणि परका माणूस घरच्यापेक्षा सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं असं मानतात. तसं सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या बायकांचं आयुष्य मुळात ओळखीच्यांतच जातं. परक्याच्या ओसरीवर मुक्काम करायची वेळ किती जणींवर येते? आकडा सांगतो ते एवढंच, की घरात कोंडून ठेवल्याने मुलगी सुरक्षित होत नाही. तेही थोडं नाही. ‘बाहेर जाऊ नकोस’ या सल्ल्यामागची सगळी समजूतच त्यामुळे खिळखिळी होते. पण बाहेर काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. ते उत्तर फिरणाऱ्या बायकांकडे असतं आणि अगदी व्यवहारी असतं: उजेडी पोचावं, पहिली चौकशी बाईकडे किंवा किराणा दुकानात करावी, घरात बायका-मुलं आहेत का ते पाहावं, मुक्काम कुठे आहे ते दोघांना तरी माहीत असावं, आणि मनात पाल चुकचुकली तर संकोच न करता उठून चालू लागावं. विश्वास हे एक कौशल्य आहे आणि ते वापरून वापरूनच येतं. आपण मुलींना फक्त भीती शिकवतो. माणूस पारखायला शिकवतच नाही, कारण पारखायची वेळच येऊ नये अशी आपली व्यवस्था असते.

भीतीच्या बाजूची आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. परक्याविषयी लोक जे बोलतात आणि परका दारात उभा राहिल्यावर जे करतात, त्यात फार अंतर असतं. १९३० च्या सुमारास अमेरिकेत चिन्यांविरुद्ध कडवट हवा होती. चिनी मजुरांना देशात येऊ न देणारा कायदा १८८२ पासून लागू होता. अशा काळात रिचर्ड लापियर हे समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी विद्यार्थ्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन मोटारीने देशभर फिरले. अडीचशेच्या वर हॉटेलं, खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा झाल्या. नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणी. काही महिन्यांनी लापियर यांनी त्या सगळ्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी साफ ‘नाही’ लिहिलं. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावर आक्षेप आहेत. गल्ल्यावर बसणारा आणि पत्राला उत्तर लिहिणारा माणूस एकच असेल असं नाही. शिवाय त्या जोडप्याचे कपडे नीट होते, इंग्रजी चांगलं होतं, सोबत एक गोरा माणूस होता. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते: ‘चिनी’ या कल्पनेला जो माणूस दार बंद करतो, तो समोरच्या दमलेल्या, हसऱ्या जोडप्याला खोली देतो. तरुणांना प्रवासात जे अनुभव येतात त्यांतले बरेच याच जातीचे आहेत. बातम्यांमधून ज्या देशाची धास्ती घेतलेली असते, त्या देशातला म्हातारा टरबूज कापून हातात ठेवतो. या अनुभवाला भाबडं ठरवणाऱ्यांनी घरबसल्या तयार केलेली मतंही तपासून पाहावीत. पुरावा म्हणून ती जास्त भक्कम का धरायची?

आता दुसरा आक्षेप, आणि मला तो पहिल्यापेक्षा कितीतरी जड वाटतो. दया सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. गोऱ्या कातडीच्या, इंग्रजी बोलणाऱ्या, चांगल्या बुटांतल्या पोराला जे दार उघडतं, ते दुसऱ्या कुणाला उघडत नाही. लापियरच्या प्रवासातही ते नीटनेटके कपडे होतेच. याची साक्ष काढायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही.

१९०१ साली साताऱ्याहून काही लहान मुलं रेल्वेने निघाली. त्यांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. वडील सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला नोकरीला होते, त्यांना भेटायला जायचं. मसूर स्टेशनात उतरली तर न्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुलं महार आहेत हे कळताच मागे सरला. गाड्या उभ्या होत्या, पण कुठलाही गाडीवान त्यांना बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर, की बैल मुलांनी हाकायचे आणि तो पायी चालणार. रात्री जकातनाक्यावर थांबले. बरोबर घरचं भरपूर जेवण होतं. प्यायला पाणी नव्हतं. आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून पाहिलं, मिळालं नाही. मुलं उपाशी झोपली. नवे कपडे घालून पहिल्यांदाच एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या पोरांची ही गोष्ट आहे. अनोळखी गाव, अनोळखी माणसं, अंधार पडलेला: प्रवासकथेत दयाळू परका माणूस भेटतो तो प्रसंग इथे जसाच्या तसा हजर आहे, फक्त तो माणूस भेटत नाही.

सोळा वर्षांनी, १९१७ मध्ये, न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून परतलेले आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बडोदा स्टेशनवर ती परत आली. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नव्हती. पारशी नाव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला फर्मावलं. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरी घ्यायची असमर्थता सांगितली. कोलंबियात शिकलेला, पंचविशी नुकतीच ओलांडलेला तरुण रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत कमाटी बागेत बसून राहिला. ‘पाहुणचार ही आमचीच संस्कृती’ असं म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: या तरुणाला न्यूयॉर्कमध्ये माणूस म्हणून राहता आलं आणि बडोद्यात आलं नाही, तर संस्कृती कोणाची मोठी?

मग यातून काय निघतं? काही जण म्हणतात, दया जर जात, रंग आणि पेहराव बघूनच मिळत असेल तर तिचं कौतुकच नको. त्या मुलांची कृतज्ञता म्हणजे स्वतःच्या सवलतीचं भोळं कौतुक. इथे मी त्यांच्यापासून वेगळी होते. मसूरच्या मुलांना पाणी मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला मिळालेलं पाणी खोटं ठरत नाही. उलट त्या रात्रीचा अन्याय आपल्याला कळतो तो याचमुळे, की वाटसरूला पाणी द्यायचं असतं ही अपेक्षा आधीपासून होती आणि ती एका माणसापुरती मोडली गेली. अपेक्षाच सोडून दिली तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? चोखोबांना देवळाबाहेर ठेवणाऱ्या पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. इतर धर्मशाळांत ज्यांना पाऊल ठेवता येत नव्हतं, त्या वारकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर आलं. पाहुणचार ढोंगी आहे असं म्हणून बाबा स्वस्थ बसले नाहीत. गावोगाव कीर्तनं करून, लोकांकडून पैसा जमवून त्यांनी दार रुंद केलं. विठ्ठलाचं देऊळ मात्र अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले.

म्हणूनच दयेला ‘स्वभाव’ मानण्यावर माझा आक्षेप आहे. स्वभाव म्हटलं की कौतुक करून मोकळं होता येतं. ती एक व्यवस्था आहे असं मानलं तर हिशेब विचारावा लागतो. इब्न बतूता १३२५ साली टँजिअरहून एकटा निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पुढे अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, त्याला ‘अखी’ मंडळ्या भेटल्या. एकेका धंद्यातले तरुण कारागीर एकत्र येऊन मठी चालवत. दिवसभर कमावलेलं संध्याकाळी आपल्या म्होरक्याकडे आणून देत, त्यातून फळं-जेवण घेत आणि गावात आलेल्या वाटसरूला त्या पंगतीत बसवत. डेनिझ्लीच्या बाजारात तर काही लोकांनी त्याच्या घोड्याचा लगाम धरला, दुसऱ्या काहींनी त्यांना अडवलं आणि सुरे निघाले. हा बिचारा लुटारूंच्या हाती सापडलो असं समजून घाबरला. नंतर कळलं, भांडण होतं ते पाहुणा आधी कोणाकडे न्यायचा यावर. चिठ्ठ्या टाकून ते मिटलं. प्रसंग गोड आहे. पण त्यातली मला महत्त्वाची वाटते ती संध्याकाळची जमा. ती झाली नसती तर लगाम धरायची हिंमत कोणाला झाली असती?

आपल्या वारीतही हेच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लाखो माणसं चालतात आणि विठ्ठलाच्या नावावर सगळ्यांना जेवण मिळतं. दिंडीतला माणूस भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरतो हे त्याला दिसत नाही. अमुक गावात अमुक दिंडीला पिठलं-भाकरी कोणत्या आळीने द्यायची, हे ठरलेलं असतं. त्यासाठी भाकऱ्या थापणाऱ्या बायका पहाटेपासून चुलीपुढे असतात हेही दिसत नाही. नर्मदा परिक्रमेत सदावर्त मिळतं, म्हणजे शिधा. तो शिधा कुणीतरी साठवलेला असतो. शूलपाणीच्या झाडीबद्दल जुने परिक्रमावासी सांगत, की तिथे भांडी, घोंगडी, अंगावरचे कपडेसुद्धा लुटले जातात आणि लंगोटीवर पुढे जावं लागतं; आणि लुटले गेल्यावर त्याच मुलखातल्या पाड्यावर भाकरी मिळाल्याच्या आठवणीही सांगत. ही झाडी आता बरीचशी सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. त्या धरणाने नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. ज्यांच्या शेतांवर पाणी आलं त्यांच्याच काठाने आज यात्रेकरू चालतात आणि ‘आदिवासी किती प्रेमळ’ असं सांगत परततात. ते प्रेमळ आहेतच. पण त्यांच्या जमिनीचं काय झालं हे न विचारता नुसत्या भाकरीची गोडी सांगणं मला सहन होत नाही.

मी स्वतः सातपुड्यात धडगावच्या बाजूला तरुणपणी फिरले आहे. एका पाड्यावर दुपारी पाणी मागितलं, तर बाईने बसवून घेतलं आणि चहा ठेवला. चहापूड घरात नव्हती. पोराला शेजारी पिटाळलं. साखर तिसऱ्या घरून आली. मला कप मिळाला, तिने घेतला नाही. आमचं बोलणं झालं नाही, तिची भिली मला येत नव्हती. पुढे हा प्रसंग मी कित्येकदा ‘माणुसकी’ म्हणून ऐकवला. माणुसकी तर होतीच. पण ती तीन घरांची होती, आणि त्यातल्या दोन घरांचे चेहरे मी पाहिलेसुद्धा नाहीत.

इथे ‘फुकटे’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा येतो, आणि अर्धा मला पटतो. आग्नेय आशियातल्या रस्त्यांवर श्रीमंत देशांतली धडधाकट मुलं पाटी मांडून पुढच्या प्रवासासाठी पैसे मागताना दिसतात. त्यांच्यापुढे नाणं टाकणाऱ्या हमालाला त्यांच्या देशाचा व्हिसा आयुष्यात मिळणार नसतो. थायलंडच्या अधिकाऱ्यांनी प्रवाशाकडे २०,००० बाट आहेत का ते तपासायला सुरुवात केली, याचं मला आश्चर्य वाटत नाही. परक्याच्या घरी फुकट मुक्कामाची सोय लावून देणारं काउचसर्फिंग २००४ मध्ये सुरू झालं ते देवाणघेवाणीच्या भाषेत. २०११ मध्ये त्याची नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि २०२० मध्ये तिने सदस्यांना वर्गणी लावली. ज्यांनी वर्षानुवर्षं आपली खोली दिली, त्यांना स्वतःच्याच आतिथ्याच्या दारात पैसे भरायची वेळ आली. घेणारे वाढले आणि चालवायचा खर्च कोणी उचलायचा हे ठरलेलं नसलं, की असंच होतं.

पण बिनपैशाचा प्रत्येक प्रवास फुकटेगिरी नसतो. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन पंचविशीतले तरुण दिल्लीहून राजघाटावरून पायी निघाले. अण्वस्त्रांविरुद्ध मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन अशा चार राजधान्यांपर्यंत पदयात्रा. पैसे बरोबर घेऊ नका, असा सल्ला त्यांना गागोद्यात जन्मलेल्या आणि तेव्हा देशभर भूदानासाठी चालणाऱ्या विनोबांनी दिला. त्यामागचा विचार साधा होता: पैसे असले की दमून गावात पोचाल, खाणावळीत जेवाल, खोली घेऊन झोपाल आणि सकाळी चालू पडाल, पैसे नसले की कुणाशी तरी बोलावंच लागेल. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, सोव्हिएत रशिया असे ते चालत गेले. वाटेत चहाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईने चार पुडे दिले आणि सांगितलं, चारही देशांच्या प्रमुखांना हे द्या, बॉम्बचं बटण दाबायची इच्छा झाली तर आधी हा चहा करून घ्या म्हणावं. ते पुडे त्यांनी खरंच पोचवले. घेण्याचा हाही एक प्रकार आहे: ज्याच्याकडून घेतलं त्याचं म्हणणं पुढे नेणं. आपल्याकडची म्हण पाहुण्याला पहिल्या दिवशी पाहुणा म्हणते, दुसऱ्या दिवशी पई, आणि तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याची अक्कल काढते. पाहुणचार चालवणाऱ्यांना त्याची मर्यादा नीट ठाऊक होती. पोराबाळांनी ती शिकून घ्यावी: मुक्काम आटोपता ठेवावा, काम करू लागावं, घरातल्या बाईच्या ताटाकडे लक्ष ठेवावं, आणि न विचारता कुणाचा चेहरा जगापुढे मांडू नये.

एवढं सगळं त्यांच्याकडून मागतो, तर आपल्याकडे बघू या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं आली. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. त्यांतल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढं निमित्त झालं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. गावोगाव फिरून परक्याच्या दारात उभं राहणं हाच ज्यांचा पिढीजात मार्ग, त्यांना महाराष्ट्राने हे उत्तर दिलं. अनोळखी माणसाच्या भीतीने अनोळखी माणसं किती मेली, हा हिशेब ‘काळजी’च्या बाजूने बोलणारे कधी मांडतात का? जॉर्जियात आपल्या मुलाला कुणी घरात घेतलं याचा आनंद मला समजतो. मग पुण्यात खोली शोधणाऱ्या मणिपूरच्या मुलीला, आडनाव सांगताच फोन ठेवला जाणाऱ्या मुसलमान मुलाला, ‘मागासवर्गीय नाही ना?’ असं आडून विचारल्या जाणाऱ्या नांदेडच्या विद्यार्थ्याला आपण काय देतो? त्यांचा प्रवास आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरलेल्या तरुणाचा प्रवास यांत किती अंतर पडलं आहे?

प्रवासी म्हटल्यावर सॅकवालाच डोळ्यांपुढे येतो, ही या वादातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट. आपल्या राज्यात परक्या गावात रात्र काढायची पाळी सर्वांत जास्त कोणावर येते? पोलीस भरतीला मुंबईत आलेली मराठवाड्या-विदर्भाची मुलं-मुली पुलाखाली, पदपथावर झोपतात आणि पहाटे धावण्याच्या चाचणीला उभी राहतात. स्पर्धा परीक्षेचं केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलं की मुली एसटी स्टँडवर बसून रात्र काढतात. तीही तरुण आहेत, त्यांनाही नवं शहर, नवी भाषा, नवी माणसं भेटतात. त्यांच्या वाट्याला परक्याची माया आली तर कधीतरी एखाद्या चहावाल्याच्या किंवा वॉचमनच्या रूपाने येते, आणि तीवर सगळा भार टाकून शासन आणि शहर मोकळं होतं.

एका जर्मन शिक्षकाने यावरचा मार्ग शंभर वर्षांपूर्वी दाखवला आहे. २६ ऑगस्ट १९०९ रोजी रिचर्ड शिर्मान आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीवर असताना वादळात सापडले. अखेर ब्र्योल खोऱ्यातल्या एका शाळेत त्यांना आसरा मिळाला. एका शेतकऱ्याने गवत आणि दूध दिलं. रात्री विजा कडाडत होत्या, मुलं गवतावर झोपली होती आणि शिर्मान जागे होते. सुट्टीत शाळा रिकाम्या पडतात, त्यांचे वर्ग रात्रीपुरते पायी फिरणाऱ्या मुलांना का उघडू नयेत, हा विचार त्यांना तिथे सुचला. त्यातून १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं युवा वसतिगृह उभं राहिलं, आणि पुढे जगभर यूथ हॉस्टेलं पसरली. शेतकऱ्याचे आभार मानून तो माणूस थांबला असता तर त्या रात्रीची एक छान आठवण तेवढी उरली असती.

महाराष्ट्राला हे करायला नव्या इमारती लागत नाहीत. भरतीच्या आणि मोठ्या परीक्षांच्या दिवसांत महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग रात्री उघडावेत, मुलींसाठी वेगळी सोय आणि तिथे बाई कर्मचारी असावी, पाणी आणि संडास चालू असावेत, प्रवेशपत्राशिवाय दुसरं काही विचारू नये. जग फिरून आलेल्या आणि परक्यांच्या मायेने भारावलेल्या तरुणांनी अशा वर्गांत रात्रीची पाळी करावी. शहरात त्यांची संख्या कमी नाही, आणि पहाटे चारला गरम चहा मिळाला तर काय वाटतं हे त्यांना सांगावं लागणार नाही. वर्ग घाण होतील, जबाबदारी कोणाची, असा आक्षेप मुख्याध्यापक घेतील याची मला कल्पना आहे. पण मतदानाच्या आदल्या रात्री याच वर्गांत निवडणूक कर्मचारी मुक्कामाला असतात. सांगली-कोल्हापूरला पूर आला की याच वर्गांत कुटुंबंच्या कुटुंबं राहतात. तेव्हा किल्ली कोणाकडे, झाडलोट कोणी करायची, वीजबिल कुठल्या खात्यातून, हे सगळं ठरतं आणि पारही पडतं. भरतीची तारीख तर पुरासारखी अचानक येत नाही. ती कित्येक आठवडे आधी जाहीर झालेली असते.